तिसऱ्या नंबरची कॉइल

किनुएला शहात्तरावं लागलं होतं, पण तिचा पाय काही थरथरत नव्हता. हे तिला ठाऊक होतं, गाडीला ठाऊक होतं. पटत नव्हतं ते फक्त तिच्या मुलाला, मासातोला.

"आई, चढावर गाडी आचके देते ती तुझ्या पायामुळे," गेले पंधरा दिवस त्याचं हेच पालुपद. "मी चालवतो तेव्हा कशी गुमान जाते!"

जाणारच. साहेब चालवायचे रविवारी, ऊन वर आल्यावर, सपाट रस्त्यावर. एरवी त्याला कंपनीची गाडी. घरची ही सात सीटची धूड गाडी किनुए आणि सून सात्सुकी चालवायच्या, त्याही सकाळच्या धुक्यात, चढाच्या वाटेने.

आज दहा वाजता पोलीस ठाण्यात जाऊन आईने लायसन्स परत करायचं, हे मासातोने परस्पर ठरवलं होतं. तसा कागदही त्याने आणला होता: लायसन्स सोडणाऱ्या वृद्धांना टॅक्सीत सवलत. ओबिहिरो शहरापासून इतक्या लांब, जिथे बस दिवसातून दोनदा फिरकते, तिथे म्हणे टॅक्सी! बावीस हंगाम बीटाचा ट्रक हाकलेली बाई आता भाजी आणायलाही दुसऱ्याचं तोंड बघणार होती. किनुएचं डोकं सणकलं.

"येते की दहाला," ती म्हणाली. "आधी बॉनेट उघड."

इंजिनवरचं झाकण काढलं तशा चार कॉइल ओळीने दिसल्या. तिने दहा नंबरचा पाना घेतला.

"आई, हात भाजतील!"

"इंजिन थंडगार आहे. बघ आणि शिक. दर सिलिंडरला एक कॉइल, ती प्लगला ठिणगी देते. शेजाऱ्याकडून आणलेल्या ह्या स्कॅनरवर काल तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी चुकते असं दाखवत होतं." तिने तिसरी कॉइल हलकेच पिळून उपसली. खालच्या रबरावर केसाएवढी चीर होती. "दमट हवेत, चढावर जोर लागला की ठिणगी इथून पळते."

"मग बदलू ना गॅरेजात."

"बदलूच. पण आधी माझ्या पायाचा निकाल लागू दे." तिने तिसरी कॉइल पहिल्या जागी बसवली, पहिली तिसऱ्या जागी, आणि स्कॅनरमधली जुनी नोंद पुसली. "हं, बस. तू चालव."

सात्सुकी मागे बसली. धुकं अजून दाट होतं. चढ लागला, मासातोने पाय दाबला आणि गाडीने असा आचका दिला की त्याची हनुवटी छातीवर आपटली. मग दुसरा, मग तिसरा. किनुएने स्कॅनर त्याच्या नाकापुढे धरला. पहिला सिलिंडर.

"कॉइल हलली, दोष तिच्याबरोबर गेला. आणि आज पाय कुणाचा होता रे?"

मासातोने गाडी कडेला घेतली. त्याचे कान लाल झाले होते.

"मागच्या तपासणीला गॅरेजवाले प्लग बदला म्हणाले होते," किनुए थांबायला तयार नव्हती. "झिजलेल्या प्लगनं कॉइलवर ताण येतो. 'पुढच्या वेळी बघू' कोण म्हणालं?"

तेवढ्यात मागून सात्सुकीचा आवाज आला, अगदी हळू.

"मलाही आचके बसायचे. महिनाभर. पण मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

किनुएने मागे वळून पाहिलं. तिला राग आला, स्वतःसाठी आला होता त्याहून मोठा. तिने हात पुढे केला.

"किल्ली."

मासातोने दिली. किनुएने ती सुनेच्या हातावर ठेवली.

"तू चालव. पार्टच्या दुकानात जायचंय, एक कॉइल आणि चार प्लग. बेतानं घे, चढ टाळ."

मासातो मुकाट्याने मागे जाऊन बसला. बरोबर दहा वाजता गाडी पोलीस ठाण्यासमोरून गेली. टॅक्सीचा कागद त्याने सीटखाली सारला.

"आता उजवीकडे," किनुए म्हणाली, आणि सात्सुकीने आचके खाणारी गाडी न डगमगता वळवली.