कोऱ्या चौकटीची भीती

जया मंगळवारी गेली, आणि गुरुवारी दुपारी शामलाबाईंनी देवराव गुरुजींपुढे एक कोरा कागद सरकवला.

"चार ओळी लिहून द्या, गुरुजी. अंगात ताप असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला एप्रिलच्या उन्हात शाळेत पाठवलं. याला निष्काळजीपणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

शामलाबाई संस्थेच्या चिटणीस होत्या. आईबाप नसलेली मुलं संस्था चांगल्या घरी सांभाळायला देई, आणि ती तिथे नीट आहेत की नाही हे महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन पाही. ते कोणीतरी म्हणजे देवराव गुरुजी. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं शिकवून ते निवृत्त झाले होते आणि घरी बसून त्यांना करमत नव्हतं. बारा घरी बारा मुलं होती. जया त्यांतली सर्वांत लहान. जरीपटक्याच्या बाजारामागे राहणाऱ्या कौसल्या आणि बळीराम या जोडप्याकडे ती मागच्या जूनपासून होती. लग्नाला अकरा वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. येत्या मे महिन्यात कागदपत्रं होऊन जया कायमची त्यांची व्हायची होती.

"कौसल्याबाईंना पुन्हा मूल द्यायचं नाही हे तर उघडच आहे," शामलाबाई म्हणाल्या. "पण कमिटीपुढे कारण लेखी असायला हवं. उद्यापर्यंत द्या."

"बरं," गुरुजी म्हणाले.

जे सांगायला हवं होतं ते अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात चहा आला, चहाबरोबर उन्हाळ्याचा विषय निघाला, आणि गुरुजींनी तो विषय निघू दिला. कागद घडी घालून खिशात टाकला आणि ते घरी आले.

सांगायचं होतं ते असं. गुरुजींचा शाळेवर फार जीव. त्यांच्या आधीच्या सात पिढ्यांत कोणी पाटीला हात लावलेला नव्हता. ते स्वतः लोकांच्या गुरांमागे हिंडत हिंडत शिकले होते. मुलाच्या शाळेचा एक दिवस बुडाला म्हणजे त्यांना चैन पडत नसे. त्यात सांभाळायला दिलेल्या मुलांना काही घरांत भांडी घासायला, तान्ही पोरं खेळवायला घरी ठेवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची कार्डं केली. शाळेच्या दर दिवसाला एक चौकट. ते रोज शाळेत सोबत न्यायचं, आणि मूल हजर असलं की वर्गातल्या बाईंनी लाल पेन्सिलीनं खूण करायची. वर्षभर एकही चौकट कोरी राहिली नाही, तर गुरुजींकडून गोष्टींचं पुस्तक. आणि मूल स्वाधीन करताना प्रत्येक आईला ते एक वाक्य ऐकवत: "एक जरी चौकट कोरी दिसली, तर पोराला परत घेऊन जाईन."

संस्थेच्या नियमांत असं काही नव्हतं. शामलाबाईंना ते ठाऊकही नव्हतं. पण वाक्य उपयोगी पडलं. बाराही घरची मुलं शाळेत जाऊ लागली, आणि गुरुजींना आपण काहीतरी चांगलं शोधून काढल्यासारखं वाटलं.

जयाला तर शाळेचं वेडच होतं. मार्चमध्ये ते गेले तेव्हा तिनं चिंचोके मांडून त्यांना बेरजा करून दाखवल्या होत्या. मग भिंतीवरचं कार्ड ओढून आणलं.

"पाहा गुरुजी, एक बी कोरी नाई."

"शाब्बास!"

"तुमच्या कार्डावर खूण कोण मांडते?"

"मी म्हातारा झालो, बेटा. माझी शाळा संपली."

"मंग तुमी आता उनाड!"

"जया, वं! गुरुजींले असं म्हणते का कोणी?" कौसल्या आतून ओरडली.

गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हा जया त्यांच्या गुडघ्याला टेकून, मोठं गुपित सांगावं तशी म्हणाली होती, "आई म्हणते, कोरी राहिली तर गुरुजी मले घेऊन जातीन. म्हणून मी रोजच जातो. पोट दुखलं तरी जातो."

आणि गुरुजींनी काय केलं? तेव्हाही हसले. "मग राहू देऊ नको कोरी," एवढं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

गुरुवारभर तो कागद तसाच खिशात राहिला. लिहायचं तर खरं लिहायचं, आणि खरं लिहायचं तर आधी कौसल्येपुढे जाऊन उभं राहायचं, असं स्वतःला बजावून शुक्रवारी सकाळी ते जरीपटक्याला निघाले. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. बाई, ते मी नुसतं धाकापोटी बोललो होतो. खरंच काही मी तिला नेणार नव्हतो.

गल्लीच्या तोंडाशी नळावर तुळसाबाई बसली होती. कौसल्येच्या शेजारची, तोंडानं फटकळ.

"आले का गुरुजी? आता कोणाले न्यायले आले? न्यायले उरलंच कोण?"

गुरुजी मान खाली घालून पुढे गेले.

दार उघडंच होतं. बळीराम दोन दिवस मिलमध्ये गेला नव्हता. "जय भीम, गुरुजी," म्हणत त्यानं स्टूल पुसून पुढे केलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली मेणबत्ती विझून गेली होती. कौसल्या भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही. गुरुजी स्टुलावर बसले, आणि ठरवलेलं वाक्य सुरू करणार तोच तिनं बोलायला सुरुवात केली. आवाज अगदी सपाट, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसा.

"इतवारच्या संध्याकाळी आंग कोमट लागलं. सोमवारी गेली, आली, निजली. मंगळवारी सकाळी तव्यावानी तापली होती. मी म्हटलं, नको जाऊ. तर तीच रडाले लागली, आठच चौकटी उरल्या म्हणे. मंग मी पन्हं पाजलं, दुपट्टा ओला करून डोक्याले बांधला, खिशात कांदा टाकला. कडेवर नेली शाळेत. बाईले म्हटलं, खूण करून द्या अन् मले घरी नेऊ द्या. बाई म्हणाल्या, तसं नाई चालत, सुट्टीपर्यंत बसा लागते. मी फाटकापाशीच बसून राहिली अकरा वाजेपर्यंत."

"राहू दे ना वं," बळीराम म्हणाला.

"काहून राहू देऊ? गुरुजी आयकून राहिले ना." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सुट्टीले बाहेर आली तं चालताच येईना. उचलली. बाजारापर्यंत बोलून राहिली होती माह्यासंग. मंग मान टाकली. रिक्षानं दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणे, एवढ्या तापात उन्हात काढलीच कशाले? सगळेच म्हणतात, काढलीच कशाले. मी बी म्हणून राहिली. तीन दिवस तेच म्हणून राहिली मी."

बाहेर नळावर कोणाची तरी घागर आपटली. कौसल्येनं पहिल्यांदाच मान वर केली.

"एक इचारू गुरुजी? खरं सांगान?"

"विचारा बाई."

"मंगळवारी घरी ठेवली असती. एक चौकट कोरी राहिली असती. तं तुमी नेली असती का तिले?"

गुरुजींच्या ओठांवर उत्तर तयारच होतं. तेच सांगायला ते आले होते. नाही बाई, नेली नसती, ते नुसतं बोलणं होतं. पण तिच्या डोळ्यांकडे पाहताच त्यांना कळलं की या उत्तरानं सुटका होईल ती त्यांची एकट्याची. धमकी खोटी होती, म्हणजे जया उगाचच उन्हात गेली. म्हणजे या बाईनं फुकटच ऐकलं आपलं. उरलेल्या जन्मभर ही इथे भिंतीला टेकून 'काढलीच कशाले' म्हणत बसेल.

बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं.

"नेली असती," ते म्हणाले.

"खरंच?"

"हो बाई. नेली असती."

"काटोलच्या पोरीले नेली तशी?"

काटोलची गोष्ट गुरुजींनीच तिला जूनमध्ये सांगितली होती, धाक बसावा म्हणून. तिथल्या एका घरी दिलेली मुलगी चार दिवस शाळेत गेली नाही, तर हे कळलं त्याच दिवशी गुरुजींनी तिला बसमध्ये बसवून परत आणलं होतं.

"हो. तशीच."

कौसल्येनं हात जमिनीवर टेकला. मग उठली. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती आपल्या पायांवर उभी राहिली असावी. भिंतीला धरून तिनं तोल सांभाळला.

"मंग निघा. निघा माह्या घरातून! पोट्टीच्या डोक्यावर हात फिरवत होते, अन् मनात न्यायचं होतं तुमच्या? मी सोताले खाऊन राहिली इथं तीन दिवस, अन् तुमी स्टुलावर येऊन बसता? पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाय नका ठेवू. जयाचं नाव बी घेऊ नका तोंडानं!"

आणि ती रडू लागली. मोठ्यानं, छाती पिटून. तुळसाबाई घागर टाकून धावत आली, तिनं गुरुजींना बाजूला सारलं आणि कौसल्येला पोटाशी धरलं. "रड माय, रड," म्हणत ती स्वतःही रडू लागली.

बळीराम गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्यामागून आला.

"गुरुजी, तुमी नेली नसती. मले मालूम हाय."

गुरुजी चालता चालता थांबले.

"पण तिले सांगू नका कधी. रडली नव्हती ती. पाण्याचा घोट घेत नव्हती. आता भांडून तरी राहिली." त्यानं हात जोडले. "जय भीम."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर गुरुजींना जरा हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेतलं, खोटं बोललो पण कोणासाठी तरी बोललो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. ते हलकेपण रेल्वे फाटकापर्यंत टिकलं. फाटक बंद होतं, बस उभी राहिली, आणि तिथे त्यांना काटोलची ती बाई आठवली.

तिचं नाव जिजाबाई. संत्र्यांच्या तोडणीचे दिवस होते. दारात भरलेल्या टोपल्या पाहिल्या तेव्हाच गुरुजींचं मत ठरलं होतं, पोरीला तोडणीला लावली. जिजाबाई बसस्टँडपर्यंत मागे धावत आली होती. "तिले ताप होता गुरुजी, चार दिवस ताप होता, हात लावून तं पाहा," म्हणत होती. गुरुजींनी कंडक्टरला दोन तिकिटं मागितली होती. वाटेत ती पोर त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपली, तेव्हा बिचारी दमली असेल असं त्यांना वाटलं होतं. कपाळाला हात लावून त्यांनी पाहिलं नव्हतं.

फाटक उघडलं, बस हलली. कौसल्येनं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, ते आता गुरुजींना कळलं होतं. मे महिन्यात ते कार्ड बघायला गेले असते. एक चौकट कोरी असती. कौसल्या म्हणाली असती, ताप होता. आणि ते म्हणाले असते, सगळे असंच म्हणतात.

ते खोटं बोललेच नव्हते.

घरी न जाता ते तसेच संस्थेत गेले, आणि शामलाबाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तो कागद उलगडून त्यांनी लिहिलं:

'एक दिवस शाळा बुडाली तर मूल परत नेईन, अशी धमकी मी कौसल्याबाईंना दिली होती. हा संस्थेचा नियम नाही, माझा आहे. या भीतीमुळेच जयाला ताप असताना शाळेत जावं लागलं. यापूर्वी काटोलला एका मुलीला मी अशीच परत आणली आहे, ती आजारी होती की नाही हे न पाहता.'

शामलाबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"गुरुजी, तुम्ही दुःखाच्या भरात लिहिलंय. हे मी कमिटीपुढे कसं ठेवू?"

"जसं आहे तसं ठेवा."

"बाकीच्या घरीही असंच सांगितलं होतं?"

"सगळ्या घरी."

शामलाबाईंनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "आणि कौसल्याबाईंनी पुन्हा मूल मागितलं तर?"

"द्या. त्यांच्यासारखी आई माझ्या यादीत दुसरी नव्हती. पण पाहायला दुसरं कोणी पाठवा. त्यांनी मला येऊ नका म्हटलंय. बरोबरच म्हटलंय."

"मग आता तुम्ही?"

"अकरा घरी एकदा जाऊन येतो. नंतर माझं नाव काढून टाका."

"काय सांगणार जाऊन?"

"पोर आजारी पडलं तर घरी ठेवा, म्हणून सांगतो."

"एवढंच?"

गुरुजी उठले. सुरुवात काटोलपासून करायची, हे त्यांनी ठरवलं होतं. जिजाबाईचं घर त्या अकरांत नव्हतं, तिथे आता संस्थेचं मूल नव्हतं, तरीही.

"एवढंच," ते म्हणाले, आणि स्टँडवर जायला निघाले.