फ्लोराचे हरभरे

अनुराधाच्या घराची बेल वाजवणारे दोघेच. एक सामान आणून देणारा, दुसरा एसी बघायला येणारा. ओवीच्या शाळेसाठी आखातातलं रुवैस हे रिफायनरीचं छोटं गाव सोडून शहरात, अल रीम बेटावरच्या एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर येऊन दहा महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत "अगं, सहज आले" म्हणत कुणी दारात उभं राहिलं असेल तर शपथ! नवरा, दत्तप्रसाद, रिफायनरीच्या नोकरीपायी रुवैसलाच. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी "यल्ला, निघतो" म्हणत बॅग उचलायचा. दहा वर्षांची ओवी शाळेतून आली की खोलीत. आईने मराठीत विचारायचं, लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही चार शब्दांत.

म्हणून एप्रिलच्या शेवटी ओवी आपणहून स्वयंपाकघरात आली, तेव्हा अनुराधाने गॅसच बंद केला.

"मम्मा, आय ॲम फ्लोरा."

शाळेत रोमन लोकांचा वसंतोत्सव करायचा होता, सोमवारी, अठ्ठावीस तारखेला. फ्लोरा म्हणजे त्यांची फुलांची देवी. तिच्या उत्सवात लोक रंगीबेरंगी कपडे घालायचे, ससे सोडायचे आणि गर्दीवर हरभरे उधळायचे. प्रत्येक मुलाने एक पिशवी हरभरे आणायचे, पालकांनीही रंगीत कपडे घालून यायचं.

"अगं, ही तर आपली चैत्रगौरच की!" अनुराधा एकदम मोहरून म्हणाली. "चैत्र, फुलं, हरभरे... आपली गौर नाही का झोपाळ्यावर बसत?"

"मम्मा, प्लीज डोन्ट बी एक्स्ट्रा," ओवी म्हणाली आणि गेली.

पण आता ही बाई ऐकते कसली! दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी तिचं काही हवं होतं. तिने रविवारी फुलवाल्या विष्णूच्या दुकानातून मोगरा आणला आणि सुईला हात न लावता बोटांनी मुकुट गुंफला. कपाटातली पोपटी पैठणी काढली. आणि रात्री हरभरे भिजत घातले. कोरडे हरभरे देवीच्या नावाने द्यायचे, हे तिच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. रुवैसच्या कॉलनीत आठ वर्षं तिने चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं होतं, आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनीच बायकांच्या ओट्या भरल्या होत्या. सकाळी तिने ते उपसले, टपोरे फुगलेले बघून खूश झाली आणि पिशवीत बांधून दिले.

शाळेच्या हॉलमध्ये पोपटी पैठणी एकच होती. बाकीच्या आया ऑफिसातून अर्धा तास काढून आलेल्या, गळ्यात आयकार्ड, फार तर एखादा गुलाबी स्कार्फ. अनुराधा पदर सावरत तिसऱ्या रांगेत बसली. पण पडदा उघडला आणि मोगऱ्याचा मुकुट घातलेली ओवी दिसली, तेव्हा तिला कशाचंच काही वाटेनासं झालं. अशी गोड दिसत होती पोर!

सकाळी जमा झालेल्या पिशव्या कुणीतरी एकाच टोपलीत रिकाम्या केल्या होत्या. ओवीने दोन्ही हातांनी हरभरे उधळले. वरचे कोरडे टणटण उडाले. मग खालचे ओले निघाले आणि फरशीभर पसरले. सशाचे कान लावलेला एक मुलगा धावत आला, त्यांच्यावरून सटकला आणि कागदी झाडाला मिठी मारून आडवा झाला. त्याच्या मागचे दोन ससेही पडले. हॉलभर हशा पिकला. ससा उठला, पण कोपर धरून रडत होता.

मिस पुढे आल्या. ओले हरभरे कुणी आणले, असं त्यांनी विचारलं. रागावून नाही, साधंच.

ओवीने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. सरळ आईच्या डोळ्यांत. मग मान फिरवली.

"आय डोन्ट नो, मिस."

अनुराधा अर्धी उठली होती. ती खाली बसली. आपण बोललो तर पोरीचा खोटेपणा उघडा पडेल, एवढंच तिला सुचलं. बोलली असती, तर रडलीच असती.

घरी आल्यावर ओवीने खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी अनुराधाने गौर मांडली. परवा अक्षय्य तृतीया, त्या दिवशी गौर उठणार. पितळी झोपाळा, आंब्याची डाळ, पन्हं, उरलेले हरभरे आणि हात चालले तशा बारा वाट्या. हळदीकुंकवाची कुयरी हातात घेऊन ती उभी राहिली. कुंकू लावायला दुसरं कपाळ लागतं, ते कुठून आणायचं?

ओवी पाणी प्यायला बाहेर आली. अंगावर अजून फ्लोराचाच झगा आणि मुकुट.

"हू इज कमिंग?"

"कुणी नाही."

"देन व्हाय सो मेनी बोल्स?"

"कारण मला सवय आहे!" अनुराधाचा आवाज चढला. "रुवैसला बारा जणी यायच्या माझ्याकडे. इथे मला कुणी ओळखत नाही, ओवी. आज तूसुद्धा ओळख दाखवली नाहीस."

ओवीचा चेहरा पांढरा पडला. ती वळली, पळत दाराशी गेली आणि बाहेर पडली. दार आपटलं. लिफ्टने खाली गेली की काय पोरगी, तीही अनवाणी? तिने कुयरी तशीच टेबलावर ठेवली आणि धावली.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात ओवी उभी होती. डोक्यावर काळवंडलेल्या मोगऱ्याचा मुकुट, नाक लाल.

"मी ओवी," ती एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली. "अनुराधाची मुलगी. हळदीकुंकवाला आले."

"या," अनुराधा कशीबशी म्हणाली. "या ना, बसा."

तिने लेकीला कुंकू लावलं, ओंजळीत हरभरे घातले. ओवीने ओल्या बोटांनी आईच्या कपाळावर कुंकू टेकवलं, जरा वाकडंच. मग सोफ्याच्या कडेला पाहुणीसारखी बसून तिने वाटीतली डाळ संपवली. उरलेल्या अकरा वाट्यांकडे बघितलं. उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

बेल पुन्हा वाजली.