नाखव्याचा कंदील

आपण मुळात संशयी नाही, असं अंकुश स्वतः सांगायचा. सांगो बापडा! न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरची सीलं तपासण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस तो. घरी झाकून ठेवलेल्या टोपाकडेसुद्धा आधी चारी बाजूंनी बघायचा, मग झाकण उचलायचा.

रविवारी दुपारी मात्र गडी पार बदलायचा. उरणहून एसटी पकडून तो नवीन पनवेलला परेशच्या घरी जायचा आणि तिथे परेश, त्याची बायको कोमल आणि हा, असे तिघं खेळायला बसायचे. पत्ते नाहीत, कॅरम नाही. कागदावर एकेक पात्र बनवायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून ते जगलं की मेलं ते ठरवायचं. गोष्ट पुढे न्यायचं काम परेशचं. २०११ साली पनवेलात हे असलं खेळणारं दुसरं कुणी शोधून सापडलं नसतं. खेळाची पुस्तकं अमेरिकेची, त्यातल्या जादूच्या तलवारी आणि अंगठ्याही तिकडच्याच. एकदा अंकुश वैतागून म्हणाला, "सगळी जादू गोऱ्यांच्याच घरात भरलीय का रे? आमच्या आजीकडे याच्याहून भारी माल आहे."

आणि होताच. त्याची आजी ठमाबाई उरणच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि गिऱ्हाईक नसलं की गोष्टी सांगायची. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातला बोबडा कोयता, ज्याने फांदी तोडली तरी आवाज होत नाही. मिठागरातली चिमूट, जी तोंडावर फुंकली की माणूस खरं बोलायला लागतो. जाळं शिवायची सुई, जी जखमही शिवते. अंकुश त्या गोष्टी पनवेलला न्यायचा आणि परेश त्यांना खेळाचे नियम लावायचा. त्या टेबलावर अंकुशचा भाव असा वधारला की विचारू नका. यार्डात त्याला सगळे "ए चेकर" म्हणून हाकारायचे. इथे कोमल दार उघडताच विचारायची, "अंकुश, आज काय आणलंस?" त्या एका प्रश्नावर तो आख्खा आठवडा ढकलायचा.

मग एक दिवस त्याला इंटरनेटवर बोबडा कोयता दिसला. जगभरचे असले खेळाडू आपापल्या वस्तू जिथे टाकतात, त्या फोरमवर. खाली चिमूट, तिच्याखाली सुई. सगळं इंग्रजीत, परदेशी लोकांची वाहवा, आणि टाकणाऱ्याचं नाव काय, तर सुका बोंबील!

अंकुशच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्या काटकुळ्या अंगावरून परेश त्याला चिडवायचा, तो नेमका सुका बोंबील म्हणूनच. फोरमवरच्या गोष्टींत फरक एवढाच होता की अंकुशने पणजोबाच्या हातात दिलेला कोयता इथे एका बाईच्या हातात होता. मीठ फुंकणारी बाई, सुई चालवणारीही बाई.

"अस्सं! ओळखू येऊ नये म्हणून बाप्यांच्या बाया केल्यास होय रे, चोरा?" तो स्क्रीनलाच म्हणाला.

आता कुणीही शहाणा माणूस परेशला सरळ विचारून मोकळा झाला असता. पण छे! अंकुशने सापळा रचला. एक गोष्ट स्वतःच्या मनाने बनवली: वादळातही न विझणारा कंदील, ज्याच्या उजेडात हरवलेली होडी बंदराला लागते. परेशला सांगताना कंदील दिला नाखव्याच्या, म्हणजे होडीच्या मालकाच्या हाती. कोमलला वेगळं गाठून सांगताना दिला तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या हाती. दोघांनाही बजावलं, दुसऱ्याला एवढ्यात बोलू नकोस. जो शब्द फोरमवर येईल, तो ज्याला सांगितला तो चोर.

गोष्ट खरी वाटते की नाही, ते त्याने आधी घरीच बघितलं होतं. ठमाबाई जवळा निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नाखव्याचे हातान कंदील?" ती म्हणाली. "बरा हाय." आणि परत जवळ्यात डोकं घातलं. पलीकडे त्याची बहीण दिपा तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या मुलांचे पेपर तपासत होती. तिने तर मानसुद्धा वर केली नाही. आजीने शंका काढली नाही म्हणजे चालेल, असं मनाशी म्हणत अंकुश उठला.

थोड्याच दिवसांत कंदील फोरमवर झळकला. इंग्रजी मजकुरात एकच शब्द आपला तसाच ठेवलेला: नाखवीण.

नाखवाही नाही, तांडेलही नाही. पण अंकुश डरतोय होय! चोराची खोड त्याला ठाऊक होती, तो बाप्याची बाई करतो. नाखव्याची केली की झाली नाखवीण. म्हणजे शब्द परेशचा. म्हणजे चोर परेश.

रविवारी त्याने फासा हातात घेतलाच नाही. "मजा येते का रे, माझ्या आजीच्या गोष्टी स्वतःच्या नावावर खपवायला?"

परेश हसला. "काय झालं सुक्या?"

"बघ! तेच नाव! आणि नाखवीण कुठून आली?"

"नाखवीण म्हणजे काय?" परेशने खरोखरच विचारलं.

"साळसूदपणा पुरे!"

"अरे, तो कसा चोरेल?" कोमल मध्ये पडली, तर अंकुश तिच्यावरही घसरला. "तुम्ही दोघं मिळूनच करत असाल!"

परेशने हळूहळू टेबलावरचे कागद गोळा केले. "तू जा अंकुश," तो म्हणाला.

उरणला परतल्यावर अंकुशने चोर पकडल्याची बातमी छाती फुगवून सांगितली. सुका बोंबील हे नाव ऐकताच दिपाचा चेहरा पडला. ठमाबाई मात्र खुलली.

"त्ये माजा नाव हाय," ती म्हणाली. "मी सांगते, दिपी विंग्रजीन लिवते. गोरी लोका काय बोलतान ते वाचून दावते मना."

"तू? मग पणजोबांचा कोयता..."

"तुज्या पनजोबानं कवा धरलेला कोयता? मी पारूच बोललेली, तुजी पनजी. तुज्या कानान बाय शिरतच नाय, त्याला मी काय करू?"

"आणि कंदील? तो तर मी बनवला! खोटा आहे तो!"

"मंग बाकीचा काय खरा व्हता?" ठमाबाईला हसू आवरेना. "सगला मीच बनवला, बाजारान बसून." मग तिचं हसू ओसरलं. "आमाला कदी होरीन बसवला कुनी? बाप्ये दर्यान, बाया बंदरावर पाटी घेऊन उभ्या. जलमभर वाट बघली. गोष्टीन तरी जावाला नको?"

आजीचा राग येत नव्हता, स्वतःचा मात्र इतका आला की डोळे भरून आले. परेश त्याचा फोन उचलत नव्हता.

पुढच्या रविवारी तो नवीन पनवेलला गेला. कोमलने दार उघडलं, पण काय आणलंस हे काही विचारलं नाही. परेश तिच्या मागे येऊन उभा राहिला. अंकुशने उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं: आजी, दिपा, सुकी मासळी. त्यावर परेश चक्क हसलासुद्धा. अंकुशच्या जिवात जीव आला आणि त्या भरात त्याने सापळ्याचंही सांगितलं.

परेशचं हसू तिथेच थांबलं.

"म्हणजे मला नाखवा आणि कोमलला तांडेल? एकाच घरात?"

"चुकलं रे माझं."

"तो कंदील खेळात कसा आणायचा, याचाच विचार करत होतो मी. तुझ्या आजीचा म्हणून. आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत बसलो होतो, तू सांगितलंस म्हणून."

"माफ कर. आजीने तुम्हाला दोघांना घरी बोलावलंय. तिला तुझा खेळ बघायचाय. देवाशपथ, आता सांगतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे."

परेशने कोमलकडे बघितलं, मग अंकुशकडे. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही.

"हे आत्ताचं काय समजू अंकुश?" त्याने विचारलं. "नाखवा की तांडेल?"