दोन मुठींची करवत

मित्रांनो, जरा लांबूनच पाहा हं. वय झालं असलं तरी माझे दात अजून शाबूत आहेत. मी एक जुनी करवत आहे, पण साधीसुधी नव्हे, दोघांनी मिळून ओढायची. माझ्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ आहे, काम झालं की काढून ठेवता येणारी. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मी तर एका माणसाला जागची हलतसुद्धा नाही.

लोहाराने मला घडवलं आणि बाबांनी या घरी आणलं. घर लहानसंच. मागे उतारावर घरचं थोडं जंगल, पुढे भाज्यांची आणि फळझाडांची बाग. बाबांना दोन मुली. थोरली शांत, पण हट्टाला पेटली की पेटली. धाकटीच्या नाकावर कायम राग. दोघींना माझ्या दोन टोकांना उभं करून बाबा म्हणायचे, "आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा."

पानगळ सुरू झाली की माझे दिवस यायचे. जंगलातली वाळकी, वाकडी झाडं आम्ही पाडायचो, म्हणजे उरलेल्या झाडांना ऊन मिळे. थंडीत चुलीसाठी ओंडके, वसंतात बागेच्या कुंपणासाठी खांब. उन्हाळ्यात मात्र मी अंगाला तेल लावून खुंटीवर आराम करायची.

"माझ्या केसांत भुसा टाकू नकोस!" धाकटी ओरडायची.

"मी कुठे टाकते? करवत टाकते!"

घ्या! आळ माझ्यावर. पण किती गोड दिवस होते ते! हळूहळू थोरलीची मूठ मधोमध खोलगट झाली आणि धाकटीच्या मुठीला तिच्या अंगठ्याचा खळगा पडला.

पुढे बाबा गेले. जंगल थोरलीकडे आलं, बाग धाकटीकडे. हद्दीवर बाबांनी लावलेला अक्रोड होता. त्याची सावली वाफ्यांवर पडायची.

"पाडून टाकू या," धाकटी म्हणाली.

"बाबांचं झाड आहे ते. हात तर लावून बघ!"

शब्दाने शब्द वाढला. रागाच्या भरात धाकटीने माझी थोरलीकडची मूठ काढून घेतली. "आता बघते कशी लाकडं कापतेस ती!" थोरली कसली ऐकते? तिने धाकटीची मूठ काढली, काखोटीला मारली आणि चालती झाली. माझं नुसतं पातं उरलं.

मित्रांनो, तो काळ आठवला की अजून वाईट वाटतं. यंत्राची करवत घेऊन एक माणूस येई आणि दोघींचं काम वेगवेगळं करून जाई. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. समोरासमोर आल्या तरी तोंडाला कुलूप. मी सामाईक खोपटात गंजत राहिले.

मग एका वसंतात मोठं वादळ झालं आणि तो अक्रोड आपणहूनच उन्मळला. खोड आडवं पडलं ते थेट बागेलगतच्या ओढ्यात. पाणी तुंबलं आणि नुकत्याच लावलेल्या रोपांच्या वाफ्यांकडे वळलं. यंत्रवाला रस्त्यावरची झाडं हटवण्यात गुंतलेला. धाकटीचा सगळा हंगाम वाहून जाणार होता.

थोरलीची मूठ घेऊन ती खोपटात धावत आली, तर थोरली आधीच माझ्यापाशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्याही हातात मूठ होती. दोन्ही मुठी जवसाच्या तेलाने चकचकत होत्या.

"माझ्या मुठीला तू तेल लावत होतीस?" धाकटीने विचारलं.

"वाळून तडकली असती," थोरली म्हणाली. "आणि तू?"

"मला काय हौस होती? सवय आपली."

दोघींनी मुठी बदलून घेतल्या. थोरलीचा तळवा खोलगट जागी बसला, धाकटीचा अंगठा खळग्यात. मला मात्र इतक्या वर्षांत कुणी थेंबभर तेल दाखवलं नव्हतं, बरं का! कुरकुरतच मी खोडाला लागले.

"ढकलू नकोस गं."

"ढकलत नाहीये. तूच सोडत नाहीयेस, ताई."

त्या 'ताई'वर थोरलीचा हात सैल झाला. डोळे पुसायलाही ती थांबली नाही. खोड तुटलं, ओंडका बाजूला लोटला आणि पाणी ओढ्याला लागलं. अर्धे वाफे गेले, अर्धे वाचले.

संध्याकाळी थोरली सवयीने मूठ काढू लागली.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "पानगळीत परत कोण बसवणार?"

तेव्हापासून मी दोन्ही मुठींसकट इथे टांगलेली आहे. म्हणून सांगते, मित्रांनो, अवजार पुसून, तेल लावून ठेवत जा. आणि रागाच्या भरात कुणाची मूठ तुमच्याकडे राहिली असेल, तर ओढ्यात झाड पडायची वाट बघू नका. आजच नेऊन द्या.