आभाळात नसलेला ढग

या, जरा जवळ सरका मायबापहो. एका बहिणीच्या संतापाची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा स्वच्छ आभाळाकडे वेगळ्या नजरेनं बघाल.

ही धाकटी हवामान कचेरीत अंदाज बांधायची, आणि थोरला दादा पहाटे गावाबाहेरच्या पुलावरून दुधाची गाडी न्यायचा. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "छोटे, उद्या पूल कसा गं?" त्या दिवशी ती म्हणाली, "बिनघोर जा. गोठायचं नाव नाही." दादा बिनघोर गेला, तो कठडा तोडून पुलाखाली. रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता.

कामावर परतल्यावर तिनं आधी त्या पहाटेची उपग्रहाची नोंद काढली. उपग्रहाला गोठलेली जमीन दिसली होती! पण संगणकाच्या अंदाजापेक्षा ती फारच गार. वरून बघताना ढगांचे माथे असेच गार दिसतात, म्हणून संगणकानं ठरवलं, एवढं गार म्हणजे ढगच. आणि नोंद दिली टाकून.

"ढग?" साहेबांच्या टेबलावर कागद आपटत ती कडाडली. "आभाळ धुतल्यासारखं होतं, साहेब! ढगाचं पांघरूण नव्हतं म्हणून तर जमिनीची ऊब वर निघून गेली. वारा पडला, गारठा खोलगटात बसून राहिला. आणि आपलं गणित मात्र डावानं आमटी ढवळावी तशी वरची ऊबदार हवा खाली आणतंय!"

"अगं, सरासरी चूक कमी झालीय आपली."

"सरासरी गाडी चालवते का पुलावरून?"

"दुःखात आहेस बाळ, घरी जा."

"बाळ म्हणू नका! चुकणाऱ्या संगणकालाच उपग्रहाचा न्याय करायला बसवलंत. साक्षीदार वेगळं बोलला, की तोच खोटा!" तिनं खिडकी धाडकन उघडली. बाहेर पुन्हा तसंच आभाळ, झाडाचं पानही हलेना. "आज रात्रीसुद्धा शून्याच्या वरच लिहिलंय. करा सही!"

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, आणि कागद तिच्याकडे सरकवला. "लिही इशारा. नाव माझं घाल."

"माझंच घालणार. त्याला 'जा' मीच म्हटलं होतं."

सकाळी पूल पांढराफटक. गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या आणि उशीर झाला म्हणून चालक हवामानवाल्यांचा उद्धार करत होते. नव्या कठड्याशी उभी राहून ती दातओठ खात म्हणाली, "द्या शिव्या. पण हळू जा, मेल्यांनो, हळू जा."

तर मायबापहो, देवानं आभाळ निरभ्र ठेवलं की हात जरूर जोडा. फक्त जोडताना त्या दूधगाडीवाल्या दादाची आठवण ठेवा. बहिणीच्या शब्दावर निघाला होता तो.