मर्लची काडतुसं

…आणि हे काडतूस जरा जास्तच चकचकीत होतं. आर्लिसने ते तळहातावर कलंडवलं, उन्हात धरलं. मर्लच्या हातची काडतुसं काळपट असायची. तीच ती वापरलेली पितळी कवचं धुऊनपुसून तो पुन्हा भरायचा, गॅरेजमधल्या टेबलाशी वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, बंदुकीची दारू अशी मोजायचा की वैद्याने भस्म मोजावं… पण मर्लच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात झोळीत गेला, भरणं थांबलं. म्हणून काल तिने स्वतःच दुकानातून नवा डबा आणला, आणि तेव्हापासून या माणसाचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तो कानाशी कुजबुजला होता की आज वारा फार आहे. मग म्हणे नळी साफ केलेली नाही. मग म्हणे नेमबाजीला खडीच्या खाणीवर कशाला, शेजारचा डेल बटाट्याचं सॅलड आणणार आहे, ते घरीच खाऊ. मर्ल आणि सॅलड! चाळीस वर्षांच्या संसारात त्याने सॅलडसाठी कधी खुर्ची सोडली नव्हती.

काडतूस चक्रीत सरकलं, मग दुसरं, तिसरं, सहाही. रिव्हॉल्व्हर बिडाच्या तव्यासारखं हाताला भरभक्कम लागलं. हे माझं आहे — दर रविवारी तिला हे नव्याने वाटायचं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून घेतलेलं. दुकानदार तिला पर्समध्ये मावणारं काहीतरी नाजूक दाखवत होता, आणि तिने मागच्या फळीवरच्या, जाड नळीच्या, जबर धक्का देणाऱ्या मॅग्नमकडे बोट केलं होतं… मर्ल मागे उभा राहून मान खाजवत होता. त्याच रविवारी इथे, याच खाणीत, पहिल्या बाराला नेमासाठी टांगलेला लोखंडी पत्रा ठणकन वाजला होता. तेव्हापासून डेल सगळ्यांना सांगत सुटला, दुसरी बाई कांदा चिरते तशी आमची आर्लिस मॅग्नम चालवते. आणि खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर ती पुष्कळ जगली होती. मुख्याध्यापकांना तोंडावर सुनावलं ते त्याच जोरावर. बर्फाच्या वादळात मर्ल गावाला गेलेला असताना विताना अडलेली गाय एकटीने सोडवली तीही. आणि दर ऑगस्टला वरच्या उतारावर एकटीच हकलबेरीची रानफळं वेचायला जायची — जिथे अस्वलंही वेचायला येतात — तेही कमरेला हे असल्यामुळेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं होतं.

तिने कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली, पाय रोवले, आणि नेहमीसारखा, सावकाश, चाप ओढला.

आभाळ! रिव्हॉल्व्हर आभाळाकडे निघालं होतं आणि तिचे दोन्ही हात त्याच्यामागे. कोपरापर्यंत झिणझिण्या, टोपी मागे पडलेली, आणि पत्र्याच्या कितीतरी वर, दरडीच्या माथ्यावर मातीचा धुरळा. पत्रा गप्प. फुटलं की काय हे… तिने चक्री उघडून पाहिली. सगळं जिथल्या तिथे. मग ती वळली. मर्ल गाडीच्या मागच्या फळीवर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता, आणि डेल सॅलडच्या डब्याचं झाकण लावत होता — जे आधीच लागलेलं होतं.

तिने टोपणं गळ्यात ओढली.

"मर्ल, तू माझ्या काडतुसांत काय भरत होतास?"

"दारूच की."

"किती?"

"जरा… हात आखडता घेऊन."

"कधीपासून?"

"तू ते घेतलंस तेव्हापासून," मर्ल बुटांना म्हणाला. "पहिल्या दिवशी म्हटलं, एकदा पत्रा वाजू दे बिचारीचा, मग हळूहळू वाढवू. पण तुझा चेहरा असा फुलला होता ना, आर्लिस… मग धीरच झाला नाही."

डेल पुटपुटला की त्याला वाटायचं तिला ठाऊक असेल, कारण हलका बार आवाजावरून कळतोच. आवाजावरून! म्हणजे दर रविवारी अख्ख्या खाणीला कळत होतं, आणि फक्त मला नाही — कारण टोपणं माझ्या कानांवर. सगळं गाव किती प्रेमाने खोटं बोललं, आणि मी त्यांना केक करून घालत होते.

"आणि उतारावर?" ती म्हणाली. "अस्वल आलं असतं तर काय त्याला गुदगुल्या करायच्या होत्या मी?"

"छे, तिकडे जाताना खरी, पुऱ्या दारूची भरायचो. तू आंघोळीला गेलीस की. उतारावरून परत आलीस की पुन्हा बदलायचो."

"म्हणजे पहिला खरा बार मी अस्वलासमोर काढला असता. आणि रिव्हॉल्व्हर माझ्याच कपाळावर बसलं असतं."

"ते सुचलं होतं मला," मर्ल म्हणाला. "म्हणून तू परत येईपर्यंत प्रार्थना करायचो." आणि मग, हळूच, "या वर्षी नको जाऊस."

राग यायला हवा होता. आलाही, चांगला सणसणीत. पण त्याच्या आत हा माणूस दिसत होता, न्हाणीघराच्या दाराकडे कान लावून, चोरासारखा सहा काडतुसं बदलणारा, दर ऑगस्टला… आणि मग त्याहून मोठा प्रश्न. तो धीर कुणाचा होता? मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले तेव्हा रिव्हॉल्व्हर तर कपाटात होतं. वासराचे पाय पोटात हात घालून सरळ केले, त्या पायांनी काही विचारलं नव्हतं की बाई, तुमची दारू किती. की मी भ्यालेच नाही कधी, म्हणून शूर वाटले? आता मात्र भीती वाटत होती. कोपरात, दातांत, चांगली ठसठशीत भीती, आणि ती कुणी मोजून, हात आखडता घेऊन दिलेली नव्हती.

"आर्लिस, ठेव आता ते," मर्ल म्हणाला.

तिने टोपणं पुन्हा कानांवर चढवली. उरलेली पाच आत होती. या वेळी मूठ घट्ट, खांदे पुढे, पाय जरा आणखी फाकून. पत्रा दूर, लहान आणि अगदी अनोळखी दिसत होता. उतारावर जायचं की नाही, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं. आणि पोटातून कुठून तरी हसू वर येत होतं. हसू थांबल्याशिवाय चाप ओढायचा नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं. आणि ते काही केल्या थांबेना.