माहेरचा काठ

"आजी, ते नणंदेचं गाणं पुन्हा म्हणा ना," नूतननं मोबाइल चंपाबाईच्या तोंडासमोर धरला.

नावेच्या टोकावर बसलेल्या चंपाबाईनं मागं नवऱ्याकडं पाहिलं. महागू मोटारीच्या दांड्यावर हात ठेवून ताठ उभा होता. डोक्यावर रिसॉर्टनं दिलेली पांढरी टोपी. मगर पाहायला येणारे लोक त्याला कप्तान म्हणत.

"आत्ता नाही, बाई. ननंद अजून दूर हाय," चंपाबाई म्हणाली.

नूतन हसली. तिचा नवरा प्रीतम कॅमेऱ्याची लांब नळी पुसता पुसता हसला. त्यांची पोरगी काही न कळता हसली. नागपूरहून आलेली माणसं. हसायलाच आली होती. महागू तेवढा हसला नाही. तो पुढची ओळ ऐकायला थांबला होता.

"माहेरच्या वाटेवरी
मोह फुलला दाट गं,
भाऊ माहा उभा तेथी
पाहे माही वाट गं..."

महागूनं दांडा फिरवला आणि नाव पश्चिमेकडं सरकली.

चंपाबाईचं माहेर वैनगंगेच्या पलीकडं, खैरलांजीच्या अंगाला. सासर अलीकडं, किरनापूरच्या बाजूला. महागूच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला तेव्हा बालाघाटचा डॉक्टर म्हणाला होता, गेलेली नजर परत येत नाही. त्या दिवसापासून ती नावेत बसू लागली. माहेरची ओवी आली की नाव त्या काठाकडं, सासरची आली की या काठाकडं. पाण्यातल्या खडकाला तिनं नणंद केलं. नाव परत फिरली की उजव्याचं डावं होतं; माहेर मात्र माहेरच राहतं. रिसॉर्ट सांभाळणाऱ्या गजेंद्रला वाटे, म्हातारीच्या गाण्यानं गिऱ्हाईक वाढलं. खरं कळलं असतं तर महागूची नाव गेली असती, आणि नावेविना तो बाजेवरचा आंधळा होता. बाप डोंगा वल्हवायचा तेव्हापासून नदी सोडून त्याला दुसरं घर ठाऊक नव्हतं.

डोह आला. मगर बिथरू नये म्हणून महागूनं मोटार बंद केली, बांबू हातात घेतला. चंपाबाईनं सूर लावला.

"आजी, आता चूप," प्रीतम कुजबुजला. "एकदम चूप. मगर पाण्यात गेली तर फोटो खलास."

"गाऊ द्या, साहेब," महागू म्हणाला. "मगरीले तिच्या गाण्याची सवय हाय."

"सवय काय, काका! डीजे आहे का हा?"

चंपाबाई गप्प झाली.

महागूसमोर दुपारच्या उन्हाचा पांढरा पडदा तेवढा होता. बांबू तळाला लागेना. पाणी नावेला कुशीवर घेऊन चाललं होतं, पण कुठल्या काठाकडं, ते त्याला सांगता येईना. त्यानं खाकरून पाहिलं. चंपाबाईनं बांगड्या वाजवल्या. प्रीतमनं डोळा कॅमेऱ्यावरून न काढता बोट वर केलं.

तिला सगळं दिसत होतं. वाळूवर आ वासून पडलेली मगर. तिच्या अलीकडं शेवाळलेला काळा खडक. आणि नावेच्या काठावर, खडकाच्याच बाजूला, पोरीची ठेवलेली बोटं.

"माहेर!" ती गायली नाही, किंचाळली. "माहेर, माहेर वो!"

महागूनं सगळं अंग बांबूवर टाकलं. नाव वळली, पण पुरती नाही. तिची कूस खडकावर करकरत गेली. पोरगी रडत आईच्या मांडीवर कोसळली. वाळूवरची मगर धपकन पाण्यात गेली आणि पाणी मिटलं.

नूतननं पोरीचा हात उघडला. बोटांची सालटी निघाली होती, रक्त नखांपर्यंत आलं होतं.

"आंधळे आहात का?" प्रीतम ओरडला.

महागूनं बांबू आडवा ठेवला.

"हौ," तो म्हणाला.

मगर कुठं गेली ते पाण्यावर दिसत नव्हतं. प्रीतमनं महागूच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. डोळे हलले नाहीत. त्यानं हात हळूच मागं घेतला.

"मले नाव चालवता येत नाही," प्रीतम बायकोला म्हणाला. त्याचा आवाज एकदम गावाकडचा झाला होता.

नूतननं पोरीला छातीशी धरलं. "आजी," ती म्हणाली, "गा."

मोटार सुरू झाली. चंपाबाईचा आवाज फाटला होता, तरी ती गायली.

"सासरच्या दारी बाई
पाणी ठेवलं तापाया,
सासूबाई हाका मारे
लेकी, ये वो जेवाया..."

आता कोणी मोबाइल धरला नाही. येताना ज्या गाण्याला हसली, तेच तिघंही जीव मुठीत धरून ऐकत होती. मध्येच चंपाबाईला खोकला आला तेव्हा प्रीतमनं आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

काठावर गजेंद्र धावत आला. प्रीतमनं त्याला दोन शब्दांत सगळं सांगितलं. पोरीला गाडीकडं नेलं तसं महागूनं मोटारीची चावी पुढं केली. मागायच्या आधीच.

"काका, काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तर नाव देल्ली असती का तुनं?"

"लेकराचा हात होता, काका!"

"म्हणून तर चावी देऊन राह्यलो." महागूनं पोरीच्या रडण्याकडं कान दिला. "लई लागलं का तिले?"

गजेंद्रनं चावी घेतली. डोळे पुसले, ते महागूला दिसलं नाही. "टोपी राहू द्या," तो म्हणाला.

महागूनं ती आधीच काढली होती.

दोघं बांधावरून घराकडं निघाली. चंपाबाई पुढं, महागू मागं. पिंपळाशी वाट फुटते तिथं तो सवयीनं थांबला, मान थोडी वाकडी करून. ओवीची वाट पाहत.

चंपाबाईनं गळ्यावर हात ठेवला. मागून सायकलवर माणसं येत होती.

"डावीकडं," ती म्हणाली.

महागू क्षणभर तसाच उभा राहिला, कोणा दुसऱ्यालाच सांगितल्यासारखा. मग टोपी खिशात कोंबून, हातानं हवा चाचपत, तो डावीकडं वळला.